घाट तोच, नियम दोन

कॅसलरॉक स्टेशनात कुळ्याकडे उतरणारी मालगाडी आली की ती लगेच पुढे निघत नाही. आधी तिचे ब्रेक तपासले जातात. शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा दाब पोचतो का, ब्रेक धरतात का, सुटतात का, हे पाहून झाल्याशिवाय गाडी उतार धरत नाही. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या या टोकापासून गोव्यातल्या कुळ्यापर्यंतचा रेल्वेघाट 1:37 चा आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर खाली. मोटारवाल्याला हा उतार किरकोळ वाटेल, पण गुळगुळीत रुळावरची हजारो टनांची गाडी रोखायला तो फार झाला. म्हणून इथे वेग बांधून दिलेला आहे, जादा इंजिनं जोडली जातात आणि वाटेतल्या स्टेशनांवर कॅच सायडिंगची सोय आहे. गाडी आवरेनाशी झालीच, तर मुख्य रुळावरून फुटलेल्या या चढाच्या आडवाटेवर ती जाते आणि चढता चढता तिचा जोर संपतो.

ही लाइन 1880च्या दशकातली, पोर्तुगीज गोव्याला ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडण्यासाठी टाकलेली. ती आखणाऱ्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच गृहीत धरली होती: ब्रेक कधीतरी फेल होणार, माणूस कधीतरी चुकणार. चूक झाली तरी जीव जाऊ नये, अशी सोय त्यांनी डोंगरातच खोदून ठेवली.

याच जंगलातून दुसरा एक घाट खाली उतरतो. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर करत येणारा पणजीचा राष्ट्रीय महामार्ग (जुना 4-अ, आताचा 748) अनमोडला पठार सोडतो आणि मोल्याकडे झेपावतो. गोव्याच्या ताटातली भाजी, दूध आणि बरंच काही याच वाटेनं किंवा शेजारच्या चोर्ला घाटानं येतं. इथे ट्रक थांबवून ब्रेक पाहणारं कुणी नाही. आवरेनाशा ट्रकसाठी आडवाट हा प्रकार भारतातल्या घाटरस्त्यांवर क्वचितच दिसतो. वळणावर ‘सावकाश जा’ अशी पाटी असते आणि पुढचं सगळं ड्रायव्हरवर सोडलेलं असतं. तो चुकला, तर शिक्षा जागेवरच.

भारतात रस्त्यावर माणसं का मरतात, याचं बरंचसं उत्तर या दोन घाटांमधल्या फरकात आहे.

आधी आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसं मेली. 2023 मध्ये मृतांचा आकडा 1,72,890 वर गेला. दिवसाला सरासरी 474, म्हणजे दर तीन मिनिटांना एक. जोयडा तालुका क्षेत्रफळानं उत्तर कन्नडातला सर्वांत मोठा, जवळपास 1,900 चौरस किलोमीटरचा, पण 2011च्या जनगणनेत त्याची वस्ती जेमतेम 52 हजार भरली. तेवढी माणसं देशातल्या रस्त्यांवर चार महिने पुरे व्हायच्या आत मरतात.

जगाचं चित्र पाहिलं तर यातली विषमता उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2021 मध्ये जगभरात सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यांवर गेली. त्यांतली 92 टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती, आणि या देशांत जगातली वाहनं आहेत साधारण 60 टक्के. पाच ते एकोणतीस या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण कुठला रोग नाही, रस्ता आहे. स्वीडनमध्ये लाख लोकसंख्येमागे वर्षाला दोनएक माणसं रस्त्यावर मरतात, भारतात बाराच्या आसपास.

मरतं कोण? वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चक्काचूर झालेल्या मोटारीचा फोटो येतो, पण आकड्यांत मोटारवाले मागे आहेत. 2022च्या मृतांत 44.5 टक्के दुचाकीवरचे होते आणि 19.5 टक्के पायी चालणारे. दोघे मिळून जवळजवळ दोन-तृतीयांश. मृतांमध्ये पुरुष 86 टक्के आणि अठरा ते पंचेचाळीस वयाचे 66.5 टक्के. म्हणजे घरातली कमावती माणसं. शंभरांतले अडुसष्ट मृत्यू शहराबाहेरच्या रस्त्यांवर झाले. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन-अडीच टक्केच आहेत, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मृत्यू, 36 टक्के, त्यांच्यावरचे.

जोयड्यात हे आकडे माणसांच्या रूपात दिसतात. शेती थोडी, कारखाना नाही, जंगल व्याघ्र प्रकल्पाचं. त्यामुळे तरुण पोरं कामाला गोव्यात. आठवड्याची सुट्टी लागून आली की संध्याकाळी पाळी संपवून मोटारसायकलला किक मारायची आणि घाट चढून घर गाठायचं. गाडी शंभर-सव्वाशे सीसीची, दिवा मिणमिणता, मागे भाऊ नाहीतर गाववाला, हँडलला बाजाराची पिशवी. देशभरात अपघात सर्वांत जास्त होतात ते संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळात. काळोख पडत असतो, माणूस दमलेला असतो, समोरून येणारा ट्रक डिपर देत नाही आणि रस्त्यात मध्येच गवा उभा असतो. काळ्या डांबरावर काळा गवा हेडलाइटच्या उजेडात येईपर्यंत दिसत नाही. दिसतो तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं.

अंतराचा हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात 17 मीटर गेलेच. त्यापुढे ब्रेक लागून गाडी थांबायला लागेल ते अंतर वेगळं, आणि पावसानं रस्ता ओला असेल तर ते आणखी वाढतं. धडकेचा जोरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 40 वरून 60 झाला, म्हणजे दीडपट झाला, की धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते. ताशी 50 च्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. गच्चीच्या कठड्याला टेकायला घाबरणारा माणूस त्याच वेगात डोक्याला काही न लावता गाडी हाकतो, कारण रस्त्यावर खोली दिसत नाही.

2022 मध्ये हेल्मेट नसलेले 50,029 जण मेले. हेल्मेटचा उपयोग किती, यावर आता वाद उरलेला नाही. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो. पण ते नीट असावं लागतं. चेकपोस्टच्या अलीकडे डोक्यावर चढवायचं अर्धं टोपलं, तेही पट्टा न लावता, पडताना माणसाच्या आधी घरंगळत जातं. व्हिएतनाममध्ये वाहनं म्हणजे बहुतांश दुचाकीच. तिथे 15 डिसेंबर 2007 पासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं आणि अंमलबजावणी पहिल्या दिवसापासून कडक झाली. तोवर निम्म्याहून कमी डोक्यांवर दिसणारं हेल्मेट थोड्याच काळात नव्वद टक्क्यांहून जास्त डोक्यांवर आलं. देश श्रीमंत झाला नव्हता, रस्तेही तेच होते.

घाट म्हटला की सगळे धास्तावतात. पण देशाची आकडेवारी उलटं सांगते. 2022 मध्ये 67 टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले. घाटात ड्रायव्हर जागा असतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात, वळण वेग कापतं. सरळ रस्ता लागला की गाडी सुटते. खड्डे बुजले, डांबर गुळगुळीत झालं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि त्याच रस्त्यावर वेग चढतो. 2022 च्या नोंदींत खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू 1,856 आहेत, तर अतिवेगाच्या खात्यावर एकूण मृत्यूंपैकी 71 टक्के. खड्डे असू द्यावेत, असा याचा अर्थ नव्हे. रस्ता चांगला करताना, त्यावर गाड्या किती वेगानं धावतील आणि त्या वेगात कोण आडवं येईल, हा हिशेब त्याच आराखड्यात असायला हवा.

रामनगरमध्ये हा प्रश्न नेमका समोर येतो. काळी नदीवरचं सुपा धरण 1987 साली पुरं झालं आणि तालुक्याचं जुनं ठाणं असलेलं सुपा गाव पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि धरणग्रस्तांपैकी पुष्कळांचं रामनगरला पुनर्वसन झालं. ते गाव आता राष्ट्रीय महामार्गाला लागून आहे. दुकानं, शाळा, बसथांबा, चहाच्या टपऱ्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. ज्याला दिल्लीच्या कागदावर महामार्ग म्हणतात, तो इथल्या म्हातारीसाठी घर आणि रेशन दुकान यांच्यामधली वाट आहे. ट्रक ड्रायव्हरच्या लेखी तो लोंढा आणि अनमोड यांच्यामधला वेळ भरून काढायचा तुकडा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. एकाच डांबरावर दोन कामं लादलेली आहेत, आणि एका कामासाठी लागणारा वेग दुसऱ्या कामात जीव घेतो. अशा ठिकाणी ताशी 30 च्या वेगात धडक बसलेला पादचारी बहुतेक वेळा वाचतो. 60 च्या वेगात क्वचित.

रस्ताच कसा मारतो, याची दोन उदाहरणं देशभर गाजली. 15 जानेवारी 2021 ला सकाळी दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या शाळूसोबतिणींचा टेंपो ट्रॅव्हलर धारवाडजवळ इटिगट्टीला टिपरवर आदळला. त्या दिवशी 11 जण गेले. संक्रांतीनंतरची सहल, सगळ्या एकमेकींना लहानपणापासून ओळखणाऱ्या. पुणे–बंगळूर महामार्ग या भागात रुंद आहे, पण हुबळी–धारवाड बायपासचा तीसेक किलोमीटरचा तुकडा त्या वेळी दोनच पदरी होता, मधे दुभाजक नाही. आधीचे तासन् तास मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाची सवय झाली, त्याच वेगात गाड्या या अरुंद गळ्यात शिरायच्या आणि समोरासमोर यायच्या. त्या रस्त्याला लोकांनी ठेवलेली नावं आधीपासूनच मृत्यूची होती. अपघातानंतर मृतांचे नातलग रस्त्यावर उतरले, आणि रुंदीकरण मार्गी लागलं ते त्यानंतर.

दुसरं उदाहरण 4 सप्टेंबर 2022 चं, पालघर जिल्ह्यातलं. सूर्या नदीच्या पुलावर महागडी मर्सिडीज कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे मागच्या सीटवर होते. दोघांनी बेल्ट लावला नव्हता, दोघेही गेले. पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसलेले दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. तिथेही तीन पदरांचा रस्ता पुलावर येताना दोन पदरांचा होत होता. गाडी जगातल्या सुरक्षित गाड्यांपैकी एक, माणसं सुशिक्षित. पण अरुंद झालेला रस्ता, चढलेला वेग आणि न लावलेला पट्टा ही तीन कारणं एका ठिकाणी आली, आणि गरीब-श्रीमंत हा भेद उरला नाही.

पट्टाच नव्हे, सीटही नसलेल्या प्रवाशांची गोष्ट उत्तर कन्नडाच्या लोकांना सांगावी लागत नाही. 22 जानेवारी 2025 च्या पहाटे हावेरी जिल्ह्यातल्या सवणूरहून कुमठ्याच्या बाजाराला निघालेला भाजी-फळांचा ट्रक यल्लापूर तालुक्यात गुळ्ळापूरजवळ दरीत कोसळला. समोरच्या वाहनाला वाट देताना तो कडेला गेला, असं पोलिसांनी सांगितलं. ट्रकमध्ये पंचवीसच्या वर माणसं होती, किमान दहा जण मेले. ही माणसं मालाच्या ढिगावर बसली होती, कारण ती त्या मालाचे व्यापारी होती. उजाडायच्या आत बाजारात पाल ठोकायचं तर माल आणि मालक एकाच गाडीत हवेत. एवढ्या पहाटे पोत्यांसकट त्यांना घेणारी बस कुठली? अशा अपघातानंतर ‘मालवाहू गाडीतून प्रवास करू नये’ असं आवाहन निघतं. ते बरोबरच आहे, फक्त दुसऱ्या पहाटेच्या बाजाराला कसं जायचं, हे त्यात नसतं.

जोयड्यातही बस हा कळीचा प्रश्न आहे. वाड्या जंगलात विखुरलेल्या, गाडी दिवसातून एखाद-दोन वेळा, पावसाळ्यात तीही बेभरवशाची. बस चुकली की पिकअपच्या हौद्यात उभं राहायचं किंवा मोटारसायकलवर तिघांनी बसायचं. प्रवाशामागे होणारे मृत्यू मोजले तर रस्त्यावरचं सर्वांत सुरक्षित वाहन बसच ठरतं. त्यामुळे एखाद्या मार्गावरची बसफेरी रद्द झाली की रस्ता तेवढाच जास्त धोक्याचा होतो, पण ही रद्द फेरी अपघाताच्या कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

पंचनाम्यात येतो तो ड्रायव्हर. अपघाताची फिर्याद आधी भारतीय दंड संहितेच्या 279 आणि 304-अ कलमांखाली लिहिली जायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 281 आणि 106 ही कलमं लागतात. आकडा बदलला, गाभा तोच: भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी हाकणं. ठाण्यातल्या हवालदाराला गुन्हा दाखल करायला आरोपी लागतो, आणि समोर असतो तो ड्रायव्हर. वळणाचा उतार उलट्या बाजूला होता, साइडपट्टी वीतभर खाली होती, झाडीनं पाटी झाकली होती, यातलं काही कलमात बसत नाही. वर्षाअखेरीला हेच कागद बेरीज होऊन दिल्लीला जातात आणि 71 टक्के मृत्यू अतिवेगानं झाले, असा निष्कर्ष निघतो. वेग जीव घेतो, यात शंका नाही. पण रस्त्याचा दोष लिहायला कागदावर जागाच नसेल, तर तो बेरजेत कुठून येणार?

दिल्ली आयआयटीतले दिनेश मोहन आयुष्यभर हेच मांडत राहिले. 2021 साली ते गेले. माणसं सुधारा म्हणत बसण्यापेक्षा वाहन आणि रस्ता असे घडवा की चुकलेला माणूस मरणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. स्वीडनच्या संसदेनं 1997 साली ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं, तेही याच पायावर. तिथे अरुंद रस्त्यांच्या मधोमध लोखंडी दोरांचे दुभाजक टाकले गेले. त्या रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले, कारण समोरासमोरची टक्कर होणंच थांबलं. भारतात 2019 साली मोटार वाहन कायद्यात 198-अ कलम आलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू झाला, तर ती रचना करणारा किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. ड्रायव्हरला मात्र तुरुंग. 106 कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारनं ते पोटकलम लागू करणं पुढे ढकललं.

ड्रायव्हर का पळतो, याचं एक उत्तर ट्रकवाले देतात: थांबलो तर जमाव मारेल. घाटात ब्रेक कसे जातात, हेही त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा जुना दंडक. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकला उसंत मिळते. पण गाडीत कागदावरच्यापेक्षा जास्त माल भरलेला, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली, मग सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, लायनर जळाल्याचा वास येतो आणि पायाखालचं पेडल बसतच जातं. पुढच्या वळणावर काय होणार, ते नशिबावर. बिघडून उभा राहिलेला ट्रक तर वेगळाच सापळा. मागे लाल त्रिकोण ठेवण्याऐवजी झाडाची फांदी आणि चार दगड मांडून क्लीनर मेस्त्रीच्या शोधात जातो. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड रस्त्यावरच राहतात. रात्री तेच एखाद्या मोटारसायकलच्या चाकाखाली येतात.

रस्त्याचा दोष, वाहनाचा दोष, माणसाचा दोष, या तिन्हींनंतर चौथं कारण सुरू होतं: जखमी माणूस आणि ऑपरेशन टेबल यांच्यामधलं अंतर. जोयड्यात ते अंतर मोबाईलपासूनच सुरू होतं. अणशी–कुंभारवाडा पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही. म्हणजे 108 ला फोन करण्यासाठी आधी कुणीतरी गाडी हाकत रेंज असलेल्या जागी जायचं, मग रुग्णवाहिका निघणार. जोयड्याच्या तालुका रुग्णालयात प्राथमिक उपचार होतात. पण डोक्याला मार लागलेला असेल, तर पुढे न्यावं लागतं. कारवार सुमारे 80 किलोमीटर, मधे अणशीचा घाट, जो पावसाळ्यात दरड कोसळली की बंद. नाहीतर बेळगाव, हुबळी-धारवाड किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. कुठेही जा, रस्ता घाटाचा नाहीतर जंगलाचा, आणि मेंदूत रक्त साकळत असताना मिनिटं मोजली जातात.

हे अंतर मंत्र्यालाही चुकलं नाही. 11 जानेवारी 2021 च्या संध्याकाळी तत्कालीन केंद्रीय आयुष राज्यमंत्री श्रीपाद नाईक यल्लापूरहून गोकर्णाला चालले होते. जवळची म्हणून धरलेल्या आडवाटेवर, अंकोला तालुक्यात, त्यांची गाडी उलटली. पत्नी विजया नाईक आणि सहकारी दीपक घुमे यांचा मृत्यू झाला. नाईकांना पुढच्या उपचारांसाठी राज्याची सीमा ओलांडून बांबोळीला न्यावं लागलं. इटिगट्टीच्या अपघाताला तेव्हा अजून चार दिवस होते.

पुढच्याच वर्षी, 20 जुलै 2022 ला, होन्नावरहून रुग्ण घेऊन दक्षिणेकडे निघालेली रुग्णवाहिका बैंदूरजवळच्या शिरूर टोलनाक्यावर ओल्या रस्त्यावर घसरली. कर्मचारी धावत येऊन अडथळे बाजूला करत होते, आणि गाडी गोल फिरत नाक्याच्या केबिनवर आदळली. चौघे गेले. ते सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि मोबाईलवरून घराघरात पोचलं. रुग्णाला जिल्ह्याबाहेर न्यावंच का लागलं, हा प्रश्न त्या दृश्यानं उभा केला. जिल्ह्यात सुपरस्पेशालिटी रुग्णालय हवं, नाहीतर मत नाही, अशी मोहीम उत्तर कन्नडात पेटली ती त्यानंतर.

वाटेत थांबून मदत करणाऱ्याचीही एक अडचण असायची. पोलीस प्रश्न विचारतील, दवाखाना पैसे मागेल, कोर्टात खेटे घालावे लागतील. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीत 134-अ कलमानं ते कायद्यात आले. नाव सांगणं-न सांगणं आता त्याच्या मर्जीवर आहे. कर्नाटकानंही 2016 मध्येच सांत्वन हरीश योजना काढली. बंगळूरजवळ ट्रकखाली सापडून शरीराचे दोन तुकडे झालेल्या हरीश नंजप्पा या तरुणानं शेवटच्या क्षणी डोळे दान करा म्हणून सांगितलं होतं. अपघातग्रस्ताचा पहिल्या 48 तासांचा खर्च उचलणारी ही योजना त्याच्या नावानं आहे. मे 2025 पासून केंद्राचीही विनाशुल्क उपचारांची योजना आली: सात दिवस, दीड लाखापर्यंत. पैशाची अडचण यानं हलकी होईल. पण अणशीच्या वळणावर पडलेल्याला त्या यादीतल्या दवाखान्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ तेवढाच राहील.

आणि तो वाटेत किंवा दहाव्या दिवशी दुसऱ्या राज्यात गेला, तर? नियमानं अपघातानंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूच धरायचा. प्रत्यक्षात गुन्हा एका ठाण्यात, मृत्यू दुसऱ्या राज्याच्या वॉर्डात, आणि मधला कागद पोचेलच असं नाही. 2021 साली भारतानं 1,53,972 मृत्यू नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 2,16,000 होता. या फरकातली सगळी माणसं सीमाभागातली नव्हेत, पण कागद कुठे गळतो, हे सीमाभागात जास्त स्पष्ट दिसतं.

उपाय होतात, तेव्हा फरक पडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं मेली होती. त्या वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन यांनी मिळून प्रत्येक मृत्यूची जागा तपासायला घेतली. उघडे खांब आणि कठड्यांची बाहेर आलेली टोकं झाकली गेली, बंद पडलेले ट्रक लवकर हलवले जाऊ लागले, वेगावर नजर बसली, रुग्णवाहिकेच्या जागा ठरल्या. 2019 मध्ये मृतांचा आकडा 92 वर आला.

त्या मार्गावर मृत्यू एवढे होते की त्यांच्या जागा नकाशावर आपोआप उठून दिसल्या. जोयड्याची गोची इथे आहे. सरकारी व्याख्येनुसार ब्लॅक स्पॉट म्हणजे राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे 500 मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली. वस्ती विरळ, वाहतूक विखुरलेली असली की इथला एक मृत्यू अनमोडला, दुसरा जगलबेटजवळ, तिसरा कद्र्याच्या उतारावर होतो. यादीत चढायला लागतात तितके एकाही वळणावर होत नाहीत. वळणं सगळी सारखीच असतात. कठडा नसलेली, कड खचलेली. जुलै 2025 मध्ये अनमोड घाटात दूधसागर देवळाजवळ रस्त्याची कडच खाली गेली आणि अवजड वाहनं बंद करावी लागली.

अशा रस्त्यांसाठी दुसरी पद्धत आहे, आणि ती भारतीय रस्ते परिषदेनं 2010 च्या पुस्तिकेत लिहूनही ठेवली आहे: सुरक्षा तपासणी. मृत्यू मोजून नव्हे, तर आराखडा हातात असताना, काम चालू असताना आणि रस्ता खुला होण्यापूर्वी तिऱ्हाईत जाणकारांनी तो चालून पाहायचा. वळणाचा उतार आतल्या बाजूला आहे का, रात्री पावसात कड दिसते का, बसथांबा वळणावर तर नाही, शाळेसमोर गाडीचा वेग कशानं उतरणार, असे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लेखी घ्यायची. खर्च रस्त्याच्या किमतीच्या मानानं नगण्य. अनमोड–रामनगर–लोंढा पट्ट्यातलं रुंदीकरण जंगलाच्या परवानग्या आणि कोर्टाच्या तारखांत वर्षानुवर्षं रेंगाळलं. गुडघाभर खड्ड्यांनी आणि लाल धुळीनं लोक वैतागले, आंदोलनं झाली. मागणी रस्ता लवकर करा, ही होती आणि ती रास्तच होती. रामनगरच्या बाजारात माणसांना ओलांडायला जागा कुठे, तिथे गाड्यांचा वेग किती आणि तो कशानं पाळला जाणार, हे प्रश्न डांबर पडण्याआधी विचारले तर कागदावरच्या एका रेघेत सुटतात. डांबर पडल्यावर त्यांच्यासाठी नवी निविदा काढावी लागते.